दिवा क्रमांक एक्केचाळीस

आमच्या नगर कार्यालयाची रेकॉर्ड रूम केवढी मोठी होती हे सांगितलं, तर तुम्ही म्हणाल म्हातारा सुटला. पण ऐका. एकदा एक शिपाई दुपारच्या डुलकीसाठी सतराव्या रॅकमागे गेला, तो थेट बढतीचा हुकूम निघाल्यावरच बाहेर आला. तोवर दोन साहेब बदलून गेले होते आणि त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. उंदीर तर इतके मुरलेले, की सही झालेल्या कागदाला तोंड लावत नसत. फक्त कच्चे मसुदे खात. अशा खोलीचा मी एकतीस वर्षं रेकॉर्डकीपर होतो. यातली एकतीस वर्षं तेवढी अगदी खरी.

आणि खरा होता तो तेव्हाचा कायदा. कुणीही यावं, रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ लिहावी, हवी ती फाईल मागावी आणि खिडकीजवळच्या लांब टेबलाशी बसून वाचावी. "कशाला हवी?" असं विचारायची आम्हाला सक्त मनाई. ही मनाई पाळताना माझं पोट दुखायचं, कारण मी जन्माचा चौकस. एक वार्ताहर गटारांच्या निविदा उपसत बसायचा. एक निवृत्त मास्तर गावात कुठलं झाड कुणाच्या सहीने तुटलं याची वही भरायचे. एक गृहस्थ तर रोज येऊन शेजाऱ्याचा बांधकाम परवाना वाचायचे आणि रोज नव्याने चिडून घरी जायचे. त्यांची तब्येत त्यावरच ठणठणीत राहिली होती.

आणि दर गुरुवारी अकरा वाजता काजबाई यायच्या.

काजबाई म्हणजे शिंप्यांसाठी काजं करणाऱ्या बाई. सत्तरी ओलांडलेल्या, पाठ ताठ, बोटं सुईने टोचून टोचून चाळणी झालेली. गावातल्या निम्म्या सदऱ्यांची बटणं त्यांच्या हातच्या काजांतून जात. त्या यायच्या, नळावर हात धुवायच्या, रुमालाने कोरडे करायच्या आणि एकच फाईल मागायच्या. दिवा क्रमांक एक्केचाळीस. त्यातलं एकच पत्र वाचायच्या. वाचून झालं की कागद पालथा करून पाठीवरून बोट फिरवायच्या. कधी गालात हसायच्या, कधी चष्मा पुसायच्या. अकरा वीसला फाईल परत.

ती फाईल त्यांच्या नवऱ्याची होती. म्हणजे फाईल कार्यालयाची, पत्रं नवऱ्याची. हा गृहस्थ एका उंच इमारतीत लिफ्टमन होता. दिवसभर "कितवा मजला?" एवढंच बोलायचा आणि घरी येईस्तोवर तोंडातले शब्द संपलेले असायचे. मात्र आमच्या कार्यालयाला पत्र लिहायचा. पहिली तक्रार घरासमोरच्या रस्त्यावरच्या दिव्याची. आमची पद्धत अशी, की एकाच माणसाचं नवं पत्र आलं की त्याचा मागील संदर्भ शोधायचा आणि त्याच फाईलला लावायचं. त्यामुळे पुढे त्याने नळाबद्दल लिहिलं, बसथांब्याच्या छपराबद्दल लिहिलं, बागेतल्या बाकाबद्दल लिहिलं, ते सगळं दिवा क्रमांक एक्केचाळीसच्या पोटात जाऊन बसलं. पत्रं वाचायची वेगवेगळ्या खात्यांनी. माझ्याकडे यायची ती फक्त दोरी बांधायला.

तो गेल्यावर काजबाई पाणीपट्टीवरचं नाव बदलायला आल्या होत्या. पत्ता बघून मी पटकन बोलून गेलो, "अरेरे! म्हणजे दिवा एक्केचाळीसवाले गेले?"

"कोण दिवेवाले?" बाई म्हणाल्या.

त्यांना पत्ताच नव्हता. बावीस वर्षं हा माणूस लिहीत होता आणि बायकोला एका अक्षराने बोलला नव्हता.

त्या दिवसापासून दर गुरुवारी पुढचं एक पत्र. मी विचारलं नाही. म्हणजे तोंडाने विचारलं नाही.

मग एके दिवशी वरून एक मसुदा आला. सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्यात बदल करण्याचं योजलं होतं. हरकती आणि सूचना तीस दिवसांत, त्यानंतर महिन्याभराने कायदा लागू. तो मोठ्याने वाचून दाखवला टाचणीने. टाचणी म्हणजे आमच्याकडची आवक-जावक कारकून, तिशीची बाई. ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या, म्हणून ती कमी बोलायची आणि बोलली तर टोचायची. तिने टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या, तेव्हाच मी ओळखलं की मामला गंभीर आहे.

"काका, ऐका. एक, फाईल मागताना कारण लिहावं लागणार. रजिस्टरला नवा रकाना. कारण पटलं नाही तर फाईल नाही. दोन, खाजगी व्यक्तींनी कार्यालयाला लिहिलेली पत्रं पन्नास वर्षं बंद. ती फक्त त्या पत्रव्यवहारातल्या व्यक्तींनाच दिसणार."

"म्हणजे ज्याने लिहिलं त्यालाच?"

"ज्याने लिहिलं त्याला आणि आपल्याला."

"आणि लिहिणारा वारला असेल तर?"

टाचणीने मसुदा उलटसुलट केला. "वारलेल्यांबद्दल काही नाही. पन्नास वर्षं थांबायचं."

गुरुवारी मी काजबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती राहिलीत हो, भाऊ?"

मी मोजली. त्यांची एकशे एकोणीस वाचून झाली होती. एकूण दोनशे तीन. राहिली चौऱ्याऐंशी. आणि कायदा लागू व्हायला हातात नऊ गुरुवार.

"मग रोज या ना," मी म्हणालो. "दहा दहा वाचून टाका. दोन आठवड्यांत फडशा!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्या सदऱ्याचं बटण तुटल्यासारखं वाटलं. "फडशा पाडायला ती काय भजी आहेत? माझ्या घरी गुरुवारी पत्र येतं, भाऊ. आठवडाभर मी ते पत्र वापरते. एका दिवशी दहा आली तर मी काय करू?"

"मग झेरॉक्स काढून देतो. घरी न्या, आठवड्याला एक वाचा."

"मी मला ओळखते. घरी नेली तर बसल्या बैठकीला संपवीन आणि मग रडत बसेन. इथे तुम्ही असता, टाचण्यावाली पोरगी असते, तो परवान्यावर चिडणारा असतो. चारचौघांत माणूस शहाण्यासारखं वागतं."

"मी ठेवतो माझ्या कपाटात. दर गुरुवारी एक काढून देईन."

"तुम्ही किती दिवस पुरणार? केस बघा तुमचे." मग फाईलमधला कागद त्यांनी पालथा केला आणि माझं बोट धरून त्याच्या पाठीवर टेकवलं. अक्षरं उमटली होती. पेन इतकं दाबून लिहिलेलं, की आंधळ्यालाही वाचता यावं. "झेरॉक्सला मागची बाजू असते का?"

मी कपाटाची किल्ली परत खिशात घातली. एकतीस वर्षांत मी अशी हार दोनदाच मानली. दुसऱ्यांदाची गोष्ट वेगळी आहे, ती माझ्या सासऱ्यांसंबंधी आहे.

त्या गेल्यावर मात्र मला राहवलं नाही. मी फाईल उघडली. खरं सांगतो, त्यांनी वाचलेल्यांपैकीच तीन पत्रं वाचली. एकशे एकोणिसाच्या पुढे गेलो नाही. न फोडलेलं पत्र ते न फोडलेलं पत्र, एवढी लाज माझ्यातही होती.

पहिलंच पत्र असं होतं:

"विषय : दिवा क्रमांक एक्केचाळीस लुकलुकण्याबाबत. महोदय, वरील दिवा गेले सोळा दिवस लुकलुकत आहे. आमच्या घरातील एक रहिवासी संध्याकाळी खिडकीशी बसून काजे करते. दिवा लुकलुकला की ती सुई थांबवून वर पाहते. वर पाहताना ती चांगली दिसते, हा भाग वेगळा. परंतु तिचे डोळे दुखतात. तरी दुरुस्ती व्हावी."

दुसरं बसथांब्याचं: "छप्पर गळत असल्याने सदर रहिवासी भिजते. विचारल्यास भिजले नाही म्हणते. तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नये."

तिसरं बागेतल्या बाकाचं. बाक फार लांब आहे, दोन माणसं बसली तर मध्ये जागा राहते, तरी आखूड बसवण्यात यावा.

त्याखाली बाग खात्याचं उत्तर होतं : आपले पत्र मिळाले, योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.

मी फाईल बंद केली. डोळे चोळत दोरी बांधली. धूळ फार होती त्या खोलीत.

सुनावणी सभागृहात झाली. वरून एक साहेब आले होते. मला वाटलं होतं राक्षस येईल, पण माणूस साधा निघाला. घशाला बरं नव्हतं, सारखं कोमट पाणी पीत होता. वार्ताहराने तासभर भाषण केलं आणि टेबलावर मूठ आपटून साहेबांचा पेला सांडला. झाडवाले मास्तर वही घेऊन उभे राहिले आणि चष्मा घरी राहिल्याने बसले.

साहेब म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर आहे. पण दुसरी बाजू बघा. एखादा बिचारा आपल्या घरातलं काहीबाही पत्रात लिहितो आणि ते कुणीही येऊन वाचतो. काही लोक तर निव्वळ चौकसपणाने वाचतात. त्या लिहिणाऱ्याचं गुपित कुणी राखायचं?"

मी छताकडे बघू लागलो. माझे कान तापले होते. माणूस खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून काजबाई उठल्या. "साहेब, मला एक विचारायचंय. कारण लिहिलं तर ते पटलं की नाही, हे कोण ठरवणार?"

"इथले अधिकारी ठरवतील."

"म्हणजे माझं कारण त्यांच्या गळी उतरायला हवं."

"हो. पण खरं कारण असेल तर सांगायला अडचण काय, आजी?"

"खरं असतं त्याचीच अडचण असते," बाई म्हणाल्या. "खोटं काय, आत्ता दहा सांगते. घराची हद्द बघायची आहे, पाणीपट्टी जुळत नाही, लिहा काय हवं ते. खरं सांगायला मला जमत नाही. आमच्या घरात कुणालाच जमलं नाही."

सभागृहात कुणी हसलं, कुणी हसलं नाही. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. त्यांनाही काहीतरी टोचलं असावं, पण नियम तो नियम. "तोंडी हरकत नोंदवता येत नाही, आजी. लेखी द्या. आजच द्या, मुदत आज संपते."

बाईंनी आयुष्यात पत्र लिहिलं नव्हतं. वाचायच्या छान, पण लिहिलं असेल ते छाती-कंबरेचं माप. त्या रेकॉर्ड रूममध्ये आल्या, हात धुतले, लांब टेबलाशी बसल्या आणि माझ्याकडून कागद घेतला. सव्वा तास लागला. पेन त्या सुईसारखं धरत होत्या, प्रत्येक अक्षर टाका घातल्यासारखं वर ओढत होत्या. आमच्या कार्यालयाला पत्र कसं लिहायचं, याचा त्यांना एकच नमुना माहीत होता. त्यामुळे पत्र असं झालं:

"विषय : दिवा क्रमांक एक्केचाळीस.

महोदय, वरील दिव्याबाबत आमच्या घरातून आपल्याकडे बरीच पत्रे आली. ती मला न विचारता आली. विचारले असते तर मी एवढी पाठवू दिली नसती. दिवा आता चांगला जळतो. लुकलुकत नाही. तरी मी अधूनमधून वर बघते.

आपण नवीन रकाना करणार असे कळले. तो मी कोरा ठेवणार आहे. हीच हरकत. कळावे."

ते घेऊन त्या टाचणीच्या टेबलाशी गेल्या. मी मागोमाग. टाचणीने पत्र वाचलं. परत वाचलं. मग आवक क्रमांक टाकला, ओठांतली एक टाचणी काढली, उठली, स्वतः रॅकमधून दिवा एक्केचाळीसची फाईल घेऊन आली आणि पत्र तिच्यात दोनशे चौथं म्हणून लावून टाकलं.

"अगं, काय करतेस?" मी ओरडलो. "ती हरकत आहे! हरकतींच्या फाईलला लाव. ती साहेबांबरोबर वर जायची आहे. इथे लावलीस तर कुणी वाचणारसुद्धा नाही!"

नऊ वर्षांच्या नोकरीत टाचणीने एक कागद चुकीच्या फाईलला लावला नव्हता. म्हणायचे, तिच्या हातून लग्नाच्या पत्रिकासुद्धा संदर्भ पाहूनच घरोघर गेल्या. तिने माझ्याकडे वर पाहून न पाहिल्यासारखं केलं. "विषय काय लिहिलाय, काका?"

"दिवा एक्केचाळीस. पण..."

"पत्ता?"

"तोच."

"मागील संदर्भ आहे?"

"आहे, पण ती बाईंची हरकत..."

"मी विषय बघते. मनातलं बघत नाही." आणि तिने शिक्का मारला. लावलेला कागद आमच्याकडे काढत नाहीत, हे तुम्हाला सांगायला हवं. काढायचा तर सात सह्या लागतात आणि त्यातले चार सह्या करणारे वारलेले आहेत.

मी डोक्याला हात लावला. बाईंचा सव्वा तास पाण्यात गेला होता. त्यांची म्हणून एवढी एकच हरकत होती, आणि तीच घरात राहिली. बाईंनी मात्र फाईलच्या पाठीवर हात फिरवला आणि निघून गेल्या.

कायदा व्हायचा तसा झाला. बहात्तर हरकती वर गेल्या, एक स्वल्पविराम बदलला. वार्ताहराने कारण लिहिलं "जनहित", ते फार मोघम ठरलं. मास्तरांना झाडांशी आपला संबंध सिद्ध करता आला नाही. परवानेवाल्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे "चिडण्यासाठी" असं लिहिलं आणि नामंजूर झाल्यावर जन्मात चिडले नव्हते तेवढे चिडले, पण ते एकदाच. पुढे फार खचले. लांब टेबलावर धूळ बसली. ती मी मुद्दाम पुसत नव्हतो. मलाही कुणावर तरी रागवायचं होतं.

नऊ गुरुवार संपले होते. एकशे अठ्ठावीस पत्रं झाली होती. दहाव्या गुरुवारी अकरा वाजता काजबाई आल्या. सवयीने आल्या असाव्यात. नळावर हात धुतले आणि मग नवं रजिस्टर बघून दारातच थांबल्या. रुमालात हात गुंडाळून उभ्या राहिल्या.

"चालायचंच," त्या म्हणाल्या. "निम्म्याहून जास्त तर झाली."

तेव्हा टाचणी उठली. चारही टाचण्या तिने तोंडातून काढल्या. "मावशी, नाव लिहा."

"पोरी, कारण मी लिहिणार नाही, सांगितलंय ना."

"तुम्हाला लिहायचंच नाही. कायदा वाचलाय का? खाजगी पत्रं बंद, पण पत्रव्यवहारातल्या व्यक्तींना खुली. त्यांना कारण विचारायचं नाही." तिने फाईल टेबलावर ठेवली आणि शेवटचा कागद उलगडला. "दोनशे चौथं पत्र कुणाचं आहे?"

मला समजायला थोडा वेळ लागला. वयानुसार होतं. बाईंना माझ्याआधी समजलं. त्यांनी टाचणीचा चेहरा दोन्ही ओल्या हातांत धरला. एवढ्या वर्षांत टाचणीला कुणी हात लावायची हिंमत केली नव्हती, टोचेल म्हणून.

"चूक केलीस की गं माझ्यासाठी," बाई म्हणाल्या.

"चूक नाही. मागील संदर्भ," टाचणी म्हणाली.

मी टेबल पुसलं. खिडकी उघडली. बाई बसल्या आणि एकशे एकोणतिसावं पत्र काढलं. या वेळी त्या गालात हसल्या नाहीत आणि चष्माही पुसला नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग कागद माझ्याकडे सरकवला. "वाचा, भाऊ. तुम्ही तशीही वाचताच."

मी जमिनीत गेलो. पण वाचलं.

"विषय : नदीवरील पादचारी पुलाच्या पायऱ्या. महोदय, आमच्या घरातील रहिवासी म्हणते की चौथी पायरी हलते. म्हणून ती चौथ्या पायरीवर माझा हात धरते व वर पोचल्यावर सोडते. मी तपासणी केली. तरी दुरुस्तीची घाई नाही. सवडीने केल्यास आभारी होईन."

खाली पूल खात्याचं उत्तर होतं : योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. आणि मला आठवतं, पूल खात्याने त्या पायरीला नंतर कधी हात लावला नाही. आमच्या कार्यालयाने नागरिकाचं म्हणणं तंतोतंत पाळलं, असा तो एकुलता एक प्रसंग.

"यांचं उत्तर बरोबर नाही," बाई म्हणाल्या. "मी देते. कागद द्या."

या वेळी सव्वा तास लागला नाही. पाच मिनिटांत झालं. त्यांनी कागद पालथा घालून टाचणीकडे दिला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही नाही वाचायचं हं."

पण आवकेचा शिक्का अक्षरांच्या बाजूनेच मारावा लागतो. टाचणीने कागद उलटला आणि शिक्का मारताना जरा जास्तच वेळ माझ्याकडे धरला. विषय, मायना, सगळं रीतसर होतं. मजकूर एका ओळीचा.

"पायरी हलत नव्हती."